कानस मी चालवली नव्हती

माझ्या गाडीचे फुटरेस्ट कानशीनं घासले ते मी नव्हे. पहिल्याच ओळीत हे लिहून टाकतो, कारण गेले तीन-चार महिने भेटेल त्याला हेच सांगतो आहे, आणि तरीही क्लबातल्या निम्म्या लोकांना वाटतं की मीच घरी काहीतरी उद्योग केला आणि वाकडं झाल्यावर ते विकणाऱ्या दुकानदाराच्या गळ्यात मारलं. ही गोष्ट दुकानदारानंच पसरवली. त्याचं दुकान जुनं, दर रविवारी ट्रायलच्या माळावर त्याची व्हॅन उभी असते, सगळे त्याच्याशी हसून बोलतात. मी कोल्हापूरचा, गेली सतरा वर्षं वेस्ट यॉर्कशरमध्ये, क्लबात अजून ‘नवा’च. माझं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही. म्हणून ते इथं सविस्तर लिहितो. तिकडची भाचे-पुतणे मंडळी हल्ली या गाड्यांची चौकशी करतात; त्यांच्या तरी कामी येईल.

मोटरसायकल ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. दगड, ओढा, ओली मुळं, उभा चढ यांतून आखलेल्या छोट्या सेक्शनमधून पाय न टेकता गाडी काढायची. एकदा पाय टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन, आणि गाडी अडली, पडली किंवा खुणांबाहेर गेली की पाच. ज्याचे गुण कमी तो जिंकला. दहा सेक्शनच्या चार फेऱ्या म्हटलं तर चाळीस वेळा हे करायचं, आणि सगळं उभ्यानं. या गाडीला सीट म्हणावी असं काही नसतंच. म्हणजे माणूस आणि गाडी यांची गाठ पडते ती दोन हातांत आणि दोन तळपायांखाली. टायरमधल्या हवेवर लोक तासन्‌तास वाद घालतात, मागच्या चाकात चार पीएसआय की साडेचार. फुटरेस्टवर कुणी बोलत नाही. मीही बोलत नव्हतो.

मार्चमध्ये माझे मूळचे फुटरेस्ट बदलायला झाले होते. ओतीव पोलादाचे, दात पार बोथट, पावसात बूट घसरायचा. दुकानात गेलो. त्यानं गाडीचं मॉडेल विचारलं, साल विचारलं नाही. माझी उंची विचारली नाही, वजन विचारलं नाही. काचेच्या कपाटातून एक चकचकीत निळी जोडी काढली. सीएनसीवर कोरलेलं 7075 अॅल्युमिनियम, जुन्यापेक्षा रुंद, आणि पाय थोडा खाली व मागं नेणारी. “हल्ली सगळे हेच लावतात मित्रा. पुढचं चाक आपोआप उचलतं.” किंमत 118 पौंड. रोख दिले तर 108. बसवायचे 15 वेगळे. मी रोख दिले. त्या दहा पौंडांचं पुढं सांगतो.

बसवताना पिन सहज गेली, पण दोन्ही फुटरेस्टची टोकं आभाळाकडं तोंड करून राहिली. तो म्हणाला, “थोडं घासलं की बसतील,” आणि जोडी घेऊन पडद्यामागं गेला. मला कानशीचा आवाज आला. माझे आबा शिरोलीच्या एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते. कानशीचा आवाज मी झोपेतही ओळखतो. लांब, सरळ, एका लयीचा आवाज असेल तर माणूस सपाट घासतोय. हा आवाज तुटक होता, घाईचा होता. मी त्याच वेळी पडद्यामागं जायला हवं होतं. पण परक्या देशात कारागिराच्या कामात नाक खुपसायचं नाही, अशी एक सवय अंगात मुरलेली असते. पाच मिनिटांत तो बाहेर आला, फुटरेस्ट आडवे बसले, मी घरी आलो.

आता फुटरेस्ट नेमका कशावर उभा असतो ते बघा, म्हणजे मी का चिडलो ते कळेल. चॅसीला दोन कान असतात, त्यांतून पिन जाते, पिनेवर फुटरेस्ट वर घडी होतो, स्प्रिंग त्याला परत खाली आणते. खाली आल्यावर त्याला थोपवतो तो पिनेमागचा छोटा टेकू. तो चॅसीवरच्या सपाट भागाला टेकतो, आणि आपलं सगळं वजन शेवटी तिथं जातं. माझ्या गाडीवर पिन ते टेकू हे अंतर 12 मिमी आहे. बूट दाबतो ती जागा पिनेपासून साधारण 60 मिमी. म्हणजे पाचपट तरफ. 80 किलोचा माणूस एका पायावर नुसता उभा राहिला तरी त्या नखाएवढ्या जागेवर 400 किलोंचा दाब. दगडावरून खाली उतरताना याच्या दुप्पट-तिप्पट. तिथं दोन्ही पृष्ठभाग पूर्ण, सपाट, एकमेकांना चिकटून टेकले पाहिजेत. तिरपं घासलं तर फक्त एक कड टेकते, आणि अॅल्युमिनियमची कड 400 किलोंखाली लोण्यासारखी दबते. शिवाय या भागांवर अॅनोडायझिंगचा कडक थर असतो. कानशीनं पहिला जातो तो हाच थर. आणि टेकू 1 मिमी खचला की 100 मिमी लांबवरचं टोक 8 मिमी खाली जातं. हा हिशोब शाळेतल्या पोरालाही करता येतो. तो दुकानदाराला येत नसेल यावर माझा विश्वास नाही.

बसवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी मला डावा फुटरेस्ट किंचित उतरलेला वाटला. गाडी व्हॅनमध्ये घालून दुकानात नेली. त्यानं बुटानं एक दाब दिला आणि म्हणाला, “नवीन आहेत. बसतायत अजून. महिनाभर चालव, मग बघू.” मी ऐकलं. तो दिवस, ते वाक्य मी विसरू शकत नाही, कारण त्यानं मला ‘महिनाभर’ असं उगाच सांगितलं नव्हतं, असं मला आता वाटतं. इथल्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष वस्तू सरळ परत करून पूर्ण पैसे मागायची मुदत 30 दिवसांची आहे.

एप्रिल-मे मध्ये माझा डावा पाय दुखू लागला. मांडीची बाहेरची बाजू, गुडघ्याचं बाहेरचं अंग, पोटरी. दुसऱ्या फेरीनंतर पाय थरथरायचा. सेक्शनमध्ये पाय बाहेर घसरायचा आणि एकाऐवजी तीन, तीनऐवजी पाच व्हायला लागले. क्लबातले म्हणाले, वय झालं. माझं वय सेहेचाळीस. फिजिओथेरपिस्टकडे तीन वेळा गेलो, तिनं दिलेले व्यायाम इमानदारीनं केले. बूट जुने झाले म्हणून नवे घेतले. बायको म्हणाली, एक महिना सोड ते. मी सोडायलाही तयार झालो होतो. सांगायचं हे की दोन महिने मी दोष माझ्या शरीरात शोधत होतो.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका ओढ्यातल्या सेक्शनमध्ये डावा पाय पुन्हा घसरला, गाडी गुडघ्यावर आली, मी पाण्यात. घरी येऊन गाडी धुतली, स्टूलवर चढवली आणि बूट धुवायला घेतले. नवे बूट, जेमतेम पाच आठवड्यांचे. उजव्याच्या तळव्यावर दातांचे ठसे मधोमध, सारखे. डाव्याच्या आतल्या कडेला ठसाच नाही, बाहेरच्या कडेला मात्र रबर फाटून निघालेलं. मी दोन्ही बूट शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिलो. मग आबांची पाणसळ काढली. लाकडी, पितळी काठाची. मी इकडं येताना त्यांनी बॅगेत घातली होती. गाडी ओळंब्यात उभी केली आणि पाणसळ दोन्ही फुटरेस्टवर आडवी टाकली. ती डोलली. जमिनीपासून मोजलं: उजव्याचं टोक त्याच्या मुळापेक्षा 5 मिमी खाली, डाव्याचं 13 मिमी.

पिन काढली. डाव्या टेकूवर तिरप्या कानशीचे ओरखडे स्वच्छ दिसत होते आणि बाहेरच्या कडेला तीनेक मिलिमीटर रुंदीची एक चकचकीत पट्टी, दबून बाजूला फुगलेली. बाकीचा टेकू चॅसीला कधी लागलाच नव्हता; त्यावर मार्चमधली चिखलाची पुटं तशीच वाळून बसली होती. दोन महिने मी माझ्या मांडीच्या स्नायूंनी ते 13 मिमी तोलून धरत होतो. गॅरेजच्या फरशीवर बसलो तेव्हा राग नंतर आला, आधी हायसं वाटलं. पाय माझा चांगला होता.

सोमवारी दुकानात गेलो. जोडी काउंटरवर ठेवली. त्यानं उचलून पाहिली आणि पहिलं वाक्य काय बोलला? “हे कुणीतरी घासलंय. घासलेल्या मालाला वॉरंटी नाही.” मी म्हटलं, घासणारे तुम्ही. तो म्हणाला, आठवत नाही. दोन गिऱ्हाईकं मागं उभी होती. त्यांच्याकडं बघून म्हणाला, “काही लोक जड पायानं चालवतात.” मी काही बोललो नाही, बाहेर आलो. पण त्याच्याच बिलावर त्याच्याच हातानं लिहिलेलं होतं: फुटरेस्ट जोडी 108, बसवणूक 15. ते बिल मी फेकलं नव्हतं.

आता ज्यांना फुटरेस्ट घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी.

आधी जुने मोजा. माझं काम कदाचित जुन्या पोलादी फुटरेस्टचे दात कानशीनं पुन्हा उठवून झालं असतं. दात घासा, टेकूला हात लावू नका. गाडी सरळ उभी करून प्रत्येक फुटरेस्टचं मूळ आणि टोक जमिनीपासून मोजा आणि भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. टोक मुळाच्या रेषेत किंवा केसभर वर हवं. खाली गेलं की कारण शोधा: टेकू दबला का, पिन झिजली का, की चॅसीच्या कानाचं भोक लांबोळकं झालं. फुटरेस्टचं टोक धरून वरखाली हलवलं की भोक बोलतं. भोक गेलं असेल तर नवे फुटरेस्ट लावून उपयोग नाही.

नवे घेताना गाडीचं मॉडेल आणि साल दोन्ही सांगा. एकाच मॉडेलच्या चॅसीचे कान दोन सालांत वेगळे असू शकतात, आणि ‘सगळ्यांना बसतात’ म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. सुटा फुटरेस्ट कानात बसवून, टेकूखाली पातळ कागदाचा तुकडा धरा आणि फुटरेस्टवर हातानं जोर द्या. कागद टेकूच्या पूर्ण रुंदीत अडकला पाहिजे. एका बाजूनं सुटत असेल तर जोडी परत. ही परीक्षा दुकानात, पैसे देण्याआधी करायची. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.

उंचीचं तर कुणी सांगतच नाही. फुटरेस्ट खाली आणि मागं गेला की माणसाचं वजनही मागं जातं. पुढचं चाक हलकं होतं हे खरं, सहा फुटी माणसाला गुडघे जास्त वाकवावे लागत नाहीत म्हणून ते सोयीचंही पडतं. मी पाच फूट सहा इंच. मला हँडलपर्यंत पोचायला कंबर ताणावी लागू लागली आणि उभ्या चढावर पुढचं चाक भरकटू लागलं. शिवाय फुटरेस्ट जितका खाली, तितका दगडाला आधी लागतो. मध्यम उंचीच्या माणसानं कंपनीनं दिलेली जागा बदलू नये असं माझं ठाम मत आहे.

रुंदी चांगली. तळव्याचा मधला भाग कमी दुखतो. पण रुंद फुटरेस्ट लावल्यावर ब्रेकच्या पेडलपर्यंत बूट जागेवरून न उचलता जातो का, गिअरचा खटका लागतो का, आणि किक मारायला फुटरेस्ट पूर्ण घडी होतो का, हे पाहा. पेडल पुन्हा लावून घ्यावं लागतं. दुकानानं माझं लावलं नव्हतं.

दात किती टोकदार असावेत? स्कॉट ट्रायलला मी दोन वर्षं पंच म्हणून उभा राहिलो आहे. शिपलीच्या स्कॉट मोटरसायकल कंपनीच्या कामगारांसाठी 1914 मध्ये सुरू झालेली ही ट्रायल. स्वेलडेलच्या दलदलीच्या माळावरून जाते, आणि तिच्यात गुणांबरोबर वेळही मोजतात. तिथं सेक्शनच्या तोंडाशी उभं राहून मी मुद्दाम पाय बघत होतो. चांगला चालवणारा सेक्शनमध्ये शिरण्याआधी आणि शिरल्यावरही बूट सारखा पुढंमागं सरकवतो, कधी चवड्यावर, कधी मध्यावर. सुईसारखे दात असले तर बूट पडला तिथं अडकतो, सरकत नाही, आणि नडगीला लागले तर टाके पडतात. दात धरून ठेवतील पण बूट सरकू देतील इतकेच हवेत. मधला भाग पोकळ हवा, चिखल खाली पडला पाहिजे. आमच्याकडचा पीटचा चिखल भरला की दात असून नसल्यासारखे. आणि स्क्रूनं बसवायचे सुटे दात घेणार असाल तर स्क्रूंना लॉकटाइट लावा.

धातूचं म्हणाल तर टायटॅनियम पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं आणि मजबूत, पण किंमत परवडली पाहिजे. अॅल्युमिनियम वाईट नाही, नीट बसलं असेल तर. ओतीव पोलाद जड आहे, पण ते तुम्हाला फसवत नाही. आमच्या कोल्हापुरात ओतकाम बघत वाढलेल्या माणसाला चकचकीत निळ्या रंगाची भूल पडली याचं मला वाईट वाटतं, पण ती भूल पाडणाराही कुणी होता. पिनेला दर दोन महिन्यांनी ग्रीस द्या. कॉटर पिन दरवेळी नवी घाला. बूट चांगले घ्या.

आणि पैशांचं. इंग्लंडात असाल तर 100 पौंडांवरची वस्तू क्रेडिट कार्डानंच घ्या. 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या पंच्याहत्तराव्या कलमानं तेव्हा कार्ड कंपनीही दुकानदाराइतकीच जबाबदार होते. मी दहा पौंड वाचवायला रोख दिले आणि तो रस्ता स्वतःहून बंद करून घेतला. दुसरं, शंका आली की त्याच दिवशी लेखी कळवा, फोटोसह. एकोणिसाव्या दिवशी मी दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर 30 दिवसांच्या आत आक्षेप घेतल्याची नोंद माझ्याकडं राहिली असती. तीस दिवस गेले तरी सगळं संपत नाही: पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला तर तो विकताना नव्हता हे दुकानदारानं सिद्ध करायचं असतं, आणि त्याला दुरुस्तीची किंवा बदलून द्यायची एक संधी मिळते, ती फसली की पैसे परत मागता येतात. बसवणूक हे वेगळं काम आहे, तेही कायद्यानं काळजीपूर्वक आणि कौशल्यानं व्हायला हवं. हे मला कुणी दुकानात सांगितलं नाही. मी रात्री बसून वाचलं.

मग दुकानाला पत्र लिहिलं. टेकूचे फोटो, बिलाची प्रत, मापं, तारखा. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की ‘ओळख म्हणून’ निम्मे पैसे देतो. मी नाही म्हटलं. माझी त्याच्याशी ओळख नाही, व्यवहार आहे. तिसऱ्या पत्रानंतर, सहा आठवड्यांनी, 108 पौंड आले. सोबत दिलगिरीचा शब्द नव्हता, आणि पुढच्याच रविवारी व्हॅनपाशी कुणालातरी सांगत होता, कटकट नको म्हणून देऊन टाकले. बसवणुकीचे 15 आले नाहीत.

आमच्या क्लबातले एक वयस्कर पंच आहेत, सत्तरी ओलांडलेले, मितभाषी. त्यांनी दबलेला टेकू हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “कानस डावीकडून उजवीकडं चाललीय, उजव्या हाताच्या माणसाची नव्हे.” मी उजव्या हातानं काम करतो. दुकानदार डावखुरा आहे. त्यांनी त्यांच्या शेडमधून जुन्या ओतीव पोलादी फुटरेस्टची जोडी काढून दिली, पैसे घेतले नाहीत. ते लावले, मूळ जागेवर. पहिल्याच ट्रायलला तीन फेऱ्यांनंतर पाय थरथरला नाही, आणि ओढ्यातल्या त्याच सेक्शनमध्ये एकदाच टेकला.

ते लावताना चॅसीचा डावा कान बघावा लागला. तिरप्या टेकूनं तिथला सपाट भागही एका कडेला खाल्ला होता. कीथलीच्या एका वेल्डरनं तो भरून, कानशीनं सपाट करून दिला. मी शेजारी उभा होतो, आवाज लांब आणि सरळ होता. त्यानं 45 पौंड घेतले. त्याची पावती जोडून मी दुकानाला चौथं पत्र पाठवलं आहे, बसवणुकीच्या 15 सह साठ पौंडांचं. अजून उत्तर आलेलं नाही.